ज्युबिली, कर्ज आणि घरचा हिशेब

(ज्युबिली-वर्षाच्या कुटुंब-सप्ताहांत धर्मग्रामाच्या सभागृहांत केलेलें भाषण)



ह्या ज्युबिली-वर्षांत आपल्या मंदिराच्या बांधणीविषयीं, पूर्वींच्या धर्मगुरूंविषयीं आणि धर्मग्रामाच्या वाढीविषयीं पुष्कळ बोलून झालें आहे व पुढेंही होईल. आजच्या संध्याकाळीं कोणत्या विषयावर बोलावें ह्याचा विचार करीत असतां आमच्या मनांत एकच विषय पुनःपुन्हां येऊं लागला. व्यासपीठावर तो सहसा कोणी काढीत नाहीं. आजारी माणसाच्या उशाशीं, लग्नाच्या बोलण्यांत आणि रात्रीं उशिरां आमच्या दारावर पडणाऱ्या थापेंत मात्र तो आम्हांस वारंवार भेटतो. तो विषय म्हणजे कर्ज.

पैशाच्या गोष्टी बँकेंत बोलाव्या व मंदिरांत प्रार्थना करावी, असें कित्येकांस वाटेल. हें म्हणणें वरवर पाहतां ठीक दिसतें. परंतु पवित्र शास्त्र तसें मानीत नाहीं. ज्या ज्युबिलीचें तोरण आपण दाराला बांधिलें आहे, ती मुळांत कर्जाच्या हिशेबाचीच गोष्ट आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत देवानें इस्राएल लोकांस आज्ञा केली कीं, सात वेळां सात वर्षें मोजावीं आणि पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. त्या वर्षीं देशभर मेंढ्याचें शिंग फुंकावें. विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत जावी. कर्जापायीं जो दुसऱ्याच्या घरीं दास झाला असेल, त्यानें आपल्या मुलाबाळांसह स्वतःच्या घरीं जावें. तें शिंग हिब्रू भाषेंत ‘योबेल’, आणि त्यावरून आपला ‘ज्युबिली’ हा शब्द आला. तें शिंग प्रायश्चित्ताच्या दिवशीं फुंकावयाचें होतें, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्या दिवशीं लोकांच्या पापांची क्षमा व्हावयाची, त्याच दिवशीं कर्जानें बांधलेल्यांची सुटका व्हावयाची. देवानें ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या ठेविल्या नाहींत.

प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंतही तेंच आहे. आपण ती प्रार्थना म्हणतांना अपराधांची क्षमा मागतों. परंतु संत मत्तयाच्या शुभवर्तमानांत त्या ठिकाणीं जो ग्रीक शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ ‘ऋण’ असा होतो. ज्यांच्या कानांवर तो शब्द प्रथम पडला, ते गालीलांतील कोळी, शेतकरी व मजूर होते. ऋण म्हणजे काय, हें त्यांस कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तशी ती आपल्या वाडवडिलांसही नव्हती. परळ, लालबाग, शिवडी, काळाचौकी ह्या भागास लोक गिरणगांव म्हणत. कोंकणांतून व देशावरून माणसें येथें पोट भरण्यास आलीं, आणि पहिल्या दिवसापासून त्यांच्यामागें कर्ज लागलें. ह्याचें कारण ते आळशी किंवा उधळे होते असें नव्हे. कापड-गिरण्यांत पगार महिन्याचा असे व तो महिना संपल्यावरही बऱ्याच दिवसांनीं हातीं पडे. नवा आलेला माणूस पहिले पैसे पाहीपर्यंत सुमारें सहा आठवडे उधारीवरच जगे. सन १९२९ मध्यें जॉन हेन्री व्हिटली ह्यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या शाही मजूर कमिशनचा अहवाल १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. देशांतील बहुतेक औद्योगिक ठिकाणीं निदान दोनतृतीयांश कामकरी कुटुंबें कर्जांत आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळांचें कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे, असा त्यांत अंदाज दिला आहे. रुपयास दरमहा एक आणा हा व्याजाचा दर सर्रास चाले. रुपयाचे आणे सोळा. तेव्हां हा दर वर्षास शेंकडा ७५ होतो. शंभर रुपये घेणाऱ्यानें महिन्यास सव्वासहा रुपये नुसतें व्याज भरावें, वर्षभरांत पंचाहत्तर रुपये द्यावे, आणि तरीही शंभराचें मुद्दल जसेंच्या तसें डोक्यावर बाळगावें! कमिशननें कर्जाचीं जीं कारणें शोधिलीं, त्यांत सणसमारंभ व विशेषतः लग्नें ह्यांवरील खर्चास मोठें स्थान दिलें. म्हणजे दोष कांहीं पद्धतीचा होता, कांहीं सावकाराचा होता, आणि कांहीं आपलाही होता. पुढें १९३६ सालीं पगार वेळेवर देण्याचा कायदा झाला, मुंबई इलाख्यांत सावकारीवर नियंत्रण घालणारा १९४६ सालचा कायदा आला, आणि आज महाराष्ट्रांत २०१४ सालचा सावकारी-नियमनाचा कायदा लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणें हा आतां गुन्हा आहे. कायद्यानें पुष्कळ केलें; परंतु घरांतला हिशेब कायद्याला लिहितां येत नाहीं.

येथें आमच्याच घरची हकीकत सांगण्याची परवानगी असावी. आमचे वडील वेंगुर्ल्याकडून येऊन परळच्या एका गिरणींत साच्यावर काम करीत. दिनांक १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉक्टर दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखालीं गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. तो संप रीतसर मागें घेतला असें कधींच झालें नाहीं. तो नुसता विरून गेला, आणि त्याबरोबर हजारों घरांचा आधारही गेला. आम्ही त्या वेळीं बारा वर्षांचे होतों. पहिले दोनतीन महिने घरांत उमेद होती. मग आईच्या हातांतील बांगड्या गेल्या, मग तांब्यापितळेचीं भांडीं गेलीं. कोपऱ्यावरचा वाणी मात्र आमच्या वहींत तांदूळ, डाळ, रॉकेल लिहीत राहिला. वडिलांस गिरणीनें परत घेतलें नाहीं. दीड-दोन वर्षांनीं त्यांना रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची नोकरी लागली, तेव्हां वाण्याच्या वहींत आमच्या नांवावर १,१४० रुपये झाले होते.

आई शाळा फारशी शिकली नव्हती. तिनें पत्र्याचे पांच डबे मांडिले. पगाराच्या दिवशीं वडील पाकीट तिच्या हातीं देत, आणि ती दिवा लावून, प्रार्थना झाल्यावर, आम्हां सर्वांसमोर पैसे वांटी. एका डब्यांत खोलीचें भाडें, दुसऱ्यांत किराणा व दूध, तिसऱ्यांत शाळेची फी व औषध, चौथ्यांत वाण्याचे वीस रुपये. पांचव्या डब्यांत ती एकच रुपया टाकी. तो आमच्याहून गरीब असलेल्यांसाठीं. आमच्याहून गरीब कोण आहे, असें आम्हीं एकदां तिला विचारिलें. ती म्हणाली, “शोधलास तर सांपडेल.” एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत पैसे हलविण्यास कोणासही, वडिलांसही, मुभा नव्हती.

जून १९८४ पासून दर महिन्यास वीस रुपये याप्रमाणें सत्तावन्न महिने तें देणें चाललें. मध्यंतरीं आमची दहावी झाली, बारावी झाली, आणि आम्हांस धर्मगुरु होण्याची इच्छा झाली. आम्ही शिकवण्या करून घरास थोडी मदत करीत होतों. आईस सेमिनरीची गोष्ट सांगितली तेव्हां ती आनंदानें रडली, परंतु लगेच म्हणाली, “वाण्याचें फिटूं दे, मग जा. दुसऱ्याचें देणें ठेवून देवाला दान कसें करूं?” त्या वेळीं आम्हांस राग आला. देवाचें बोलावणें आणि वाण्याची वही ह्यांचा काय संबंध, असें आम्हांस वाटलें. पुढें गोरेगांवच्या सेमिनरींत संत मत्तयाचा पांचवा अध्याय शिकतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, वेदीपाशीं अर्पण ठेवून आधीं आपल्या भावाकडे जाण्यास प्रभूनें जें सांगितलें आहे, तेंच आमच्या आईनें चाळीच्या भाषेंत सांगितलें होतें.

फेब्रुवारी १९८९ मध्यें शेवटचे वीस रुपये घेऊन आम्ही आईबरोबर दुकानांत गेलों. वाण्यानें वही काढली, आमचीं पानें फाडलीं आणि तिच्या हातांत दिलीं. त्यानें एवढ्या वर्षांत व्याजाचा एक पैसाही लाविला नव्हता. तो ख्रिस्ती नव्हता. लेवीय पुस्तक त्यानें पाहिलेंही नसेल. पण त्या दिवशीं ज्युबिलीचें शिंग त्या दुकानांत वाजलें, असें आम्ही आजही मानितों. तीं पानें आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकांत अखेरपर्यंत होतीं. त्याच वर्षीं जूनमध्यें आम्ही सेमिनरींत गेलों.

आतां गिरण्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, व रुपयास आणा मागणारा सावकार चाळीच्या जिन्यावर बसलेला दिसत नाहीं. तेव्हां ही जुनी कथा झाली असें कोणी समजूं नये. सावकार आतां खिशांतल्या फोनमध्यें राहतो. पुष्कळ क्रेडिट कार्डांवर थकलेल्या रकमेस दरमहा शेंकडा साडेतीनच्या आसपास व्याज लागतें. तें वर्षास ४२ होतें. समजा कोणाचे ४०,००० रुपये थकले आहेत, आणि तो दरमहा किमान देय म्हणून शेंकडा पांच, म्हणजे २,००० रुपये, भरतो. त्यांतले १,४०० रुपये व्याजांत गेले, त्या व्याजावरील शेंकडा १८ करापायीं २५२ गेले, आणि मुद्दलांतून फिटले अवघे ३४८. माणसास वाटतें, आपण दोन हजार फेडले! शिवाय हातांत फोन, टी.व्ही., सहल हें सर्व ‘आज घ्या, हप्त्यानें द्या’ ह्या गोड आवाजांत येत असतें. जुना सावकार निदान दारांत उभा असलेला दिसत असे. हा नवा दिसतही नाहीं, ओझें मात्र तेंच आहे.

मग कर्ज काढणें हें पापच आहे काय? तसें पवित्र सभा शिकवीत नाहीं. बेन सिराच्या ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायांत शेजाऱ्यास अडचणींत उसनें द्यावें, आणि घेणाऱ्यानें तें वेळेवर परत करावें, असा दोन्ही बाजूंस उपदेश आहे. आजारपणासाठीं, डोक्यावर छप्पर असावें म्हणून, किंवा ज्यावर पोट भरेल अशा साधनासाठीं विचारपूर्वक काढलेलें कर्ज निंद्य नव्हे. गिरगांवांत १५ मार्च १९५९ रोजीं सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. कोणाची देणगी मागावयाची नाहीं हा त्यांचा पहिल्यापासूनचा निश्चय होता. त्यांतून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. हें कर्ज बियाण्यासारखें होतें. परंतु पाहुण्यांनीं नांवें ठेवूं नयेत म्हणून काढलेलें कर्ज हें बियाणें नव्हे. तें दुसऱ्याच्या शेतांतून आणलेलें पीक आपलें म्हणून मिरविणें आहे. जवळ कांहीं नसतां उसन्या पैशांनीं मेजवान्या झोडून भिकारी होऊं नकोस, असा इशारा त्याच ग्रंथाच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आहे. एका संध्याकाळच्या रोससाठीं, हॉलसाठीं आणि बँडसाठीं नव्या जोडप्याच्या गळ्यांत पांच वर्षांचे हप्ते अडकविणारे आईबाप आम्हीं पाहिले आहेत. विवाह-सांक्रामेंत फुकट मिळतें, आणि त्याच्या सजावटीपायीं संसार गहाण पडतो, ही केवढी दुःखाची गोष्ट!

आणि घेणाऱ्यास दोष देतांना देणाऱ्यास विसरूं नये. फेडण्याची इच्छाच नसतां घेणें हा जसा अन्याय आहे, तसाच अडलेल्याची अडवणूक करणें हाही अन्याय आहे. नहेम्यानें यरुशलेमेंतील श्रीमंतांस सभेंत उभें करून गरिबांचीं शेतें, घरें आणि व्याज परत करण्यास लाविलें. निर्गम पुस्तकांत तर गहाण घेतलेलें पांघरूण सूर्यास्तापूर्वीं परत करावें अशी आज्ञा आहे. कारण थंडींत त्या गरिबास पांघरण्यास दुसरें कांहीं नसतें.

पवित्र सभेनें ह्या बाबतींत केवळ उपदेश केला असें नाहीं. इटलींतील पेरूजा येथें १४६२ सालीं संत फ्रान्सिसच्या संघांतील मठवासीयांच्या प्रेरणेनें गरिबांसाठीं एक पेढी निघाली. लहानशी वस्तु तारण ठेवून गरिबास तेथें अल्प खर्चांत पैसे मिळत. अशा पेढ्यांनीं चालविण्याच्या खर्चापुरतें घ्यावें कीं नाहीं ह्यावर मोठा वाद झाला. तो १५१५ सालीं लॅटरन धर्मसभेनें पेढ्यांच्या बाजूनें निकालांत काढिला. पोप लिओ तेरावे ह्यांनीं १५ मे १८९१ रोजीं ‘रेरुम नोव्हारुम’ हें परिपत्र काढिलें. त्यांत लोभी व्याजखोरीची निंदा आहे. आणि काटकसरी कामकऱ्यास स्वतःचें व मुलाबाळांचें पोट भरून थोडें शिल्लक टाकितां यावें, एवढी मजुरी त्यास मिळाली पाहिजे, असेंही त्यांत सांगितलें आहे. ही गोष्ट विसरूं नये. ज्यास पुरेसें मिळतच नाहीं, त्यास काटकसरीचें व्याख्यान देणें ही दया नव्हे.

आपल्या अधिक जवळचें उदाहरण वसईचें. तेथें १९१८ सालीं मोन्सेन्योर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकारानें बसीन कॅथॉलिक सहकारी पतपेढी स्थापन झाली, व तिची पुढें मोठी बँक झाली. धर्मगुरूनें शेतकऱ्याच्या कर्जाचा विचार करणें हें त्याचें काम नव्हे, असें त्यांस वाटलें नाहीं. धोबीतलाव व गिरगांव भागांत गोमंतकीय बांधवांचे ‘कूड’ होते, आणि त्यांपैकीं कांहीं आजही आहेत. एकेका गांवच्या माणसांनीं मिळून खोली घ्यावी, महिन्यास अल्प वर्गणी द्यावी, संध्याकाळीं एकत्र रोझरी म्हणावी, बोटीवर जाणाऱ्यानें आपली ट्रंक विश्वासानें तेथें ठेवून जावें, अशी ती व्यवस्था. प्रार्थना आणि काटकसर एकाच छपराखालीं नांदूं शकतात, हें त्या साध्या लोकांनीं दाखवून दिलें. आणि गिरणगांवांत कामगारांस जेवण घालणाऱ्या ज्या खानावळवाल्या स्त्रिया व्याजाच्या व उधारीच्या जाळ्यांत अडकल्या होत्या, त्यांस एकत्र करून प्रेमा पुरव ह्यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें व राष्ट्रीयीकृत बँकेचें दार त्यांच्यासाठीं उघडलें. सुटका एकट्यानें क्वचित् होते. ती मंडळीच्या बळानें होते, हेंच ह्या सर्वांवरून दिसतें.

आतां ज्यांच्यावर आज कर्ज आहे, त्यांनीं काय करावें? दुसऱ्या राजे पुस्तकाच्या चौथ्या अध्यायांत एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. सावकार तिच्या दोन मुलांस दास करून नेण्यास आला आहे. संदेष्टा प्रथम तिला विचारितो कीं, तुझ्या घरांत काय आहे? तिच्याजवळ तेलाची एक कुपी असते. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामीं भांडीं मागून आणण्यास सांगतो. तेल वाढतें, आणि शेवटीं संदेष्टा सांगतो कीं, तें विकून आधीं कर्ज फेड, आणि उरेल त्यावर तूं व तुझीं मुलें जगा. ह्या कथेंत चमत्कार आहे खरा. पण चमत्काराच्या आधीं घरांतल्या वस्तूंचा हिशेब आहे, शेजाऱ्यांपुढें संकोच सोडणें आहे, आणि चमत्कारानंतर कर्जफेड आहे. त्याच क्रमानें आपणही जावें.

पहिली गोष्ट, सर्व देणें एका कागदावर लिहावें. कोणाचें, किती, व्याज काय, हप्ता केव्हां. लपविलेलें एकही ठेवूं नये. तें पतीनें पत्नीस व पत्नीनें पतीस दाखवावें. पुष्कळ घरांत कर्जापेक्षां कर्जाच्या लपवालपवीनेंच संसार मोडतो.

दुसरी गोष्ट, नवें कर्ज त्या दिवसापासून बंद. एका कर्जाचा हप्ता भरण्यास दुसरें कर्ज काढणें म्हणजे खड्डा बुजविण्यास शेजारीं खड्डा खणणें होय.

तिसरी गोष्ट, पगार हातीं येतांच तो वांटून ठेवावा. आमच्या आईचे पांच डबे आज पांच लिफाफे होतील, किंवा बँकेंतील निरनिराळीं खातीं होतील, तत्त्व तेंच. अन्न, भाडें, वीज, औषध, मुलांचें शिक्षण आधीं; नंतर सर्व कर्जांचे ठरलेले हप्ते; आणि त्याउपर जें कांहीं उरेल तें सर्वांत जड व्याजाच्या कर्जावर घालावें. तें फिटलें कीं त्याचा हप्ता दुसऱ्या कर्जाकडे वळवावा. बुरूज बांधूं पाहणारा आधीं बसून खर्चाचा अंदाज करितो, असें प्रभूनें लूकच्या चौदाव्या अध्यायांत म्हटलें आहे. ‘आधीं बसून’ हे शब्द आम्हांस फार महत्त्वाचे वाटतात. महिन्यांतून एकदां तरी पतिपत्नींनीं फोन बाजूला ठेवून हिशेबास बसावें.

चौथी गोष्ट, थोडीशी शिल्लक व थोडासा दानधर्म कर्ज असतांही सोडूं नये. शिल्लक नसली तर पहिल्याच तापाला पुन्हां कर्ज काढावें लागतें. आणि दानाविषयीं म्हणाल तर विधवेची दमडी मोजणारा प्रभु आपला एक रुपयाही मोजतो. पण कर्ज काढून मंदिरास देणगी देऊं नये, हें आम्ही धर्मगुरु ह्या नात्यानें स्पष्ट सांगतों.

पांचवी गोष्ट, भिऊं नये. वसुलीवाल्यानें सकाळीं आठच्या आधीं किंवा संध्याकाळीं सातनंतर फोन करूं नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ सालचा नियम आहे. कर्ज देणाऱ्या ॲपनें तुमच्या फोनमधील नांवांची यादी व छायाचित्रें उघडूं नयेत, असेंही त्याच वर्षीं सांगण्यांत आलें आहे. जो धमकी देतो, नातेवाइकांस फोन करून बदनामी करितो, त्याची तक्रार बँकेकडे व पोलिसांकडे करावी. देणेकरी असणें हा गुन्हा नव्हे. बँकेंत जाऊन हप्ता लहान करून मागण्यांतही लाज नाहीं.

येथवर तुम्हांस सांगितलें. आतां आमच्याविषयीं सांगणें उरलें. कांहीं वर्षांपूर्वीं एक गृहस्थ रविवारच्या मिस्सेस येईनासे झाले. आम्हीं एका प्रवचनांत अशा थंड पडलेल्या श्रद्धेविषयीं पुष्कळ कडक शब्द वापरले. तें ऐकून त्यांची पत्नी आम्हांस भेटावयास आली व म्हणाली, “फादर, त्यांची श्रद्धा गेली नाहीं. पुढच्या बांकांवर बसणाऱ्या तिघांचे पैसे ते देणें लागतात, म्हणून ते येत नाहींत.” आम्ही लाजलों. ज्या घरांत प्रार्थनेसाठीं आम्ही दर वर्षीं जात होतों, त्या घराचें ओझें आम्हांस दिसलें नव्हतें. मग आम्ही त्यांच्याकडे गेलों. दोन संध्याकाळ बसून कागदावर मांडलें, तेव्हां नऊ ठिकाणचें कर्ज निघालें. पुढच्या बांकांवरचे ते तिघे आम्हीं एकेकटे भेटले. एकानें आपलें घेणें सोडून दिलें, दुसऱ्यानें मुदत दिली, तिसरा आमच्यावर रागावला. तो अजूनही थोडा रागावलेलाच आहे. आज नऊपैकीं सहा कर्जें फिटलीं आहेत, तीन उरलीं आहेत. हा चमत्कार नव्हे. पण गेल्या ईस्टरला ते गृहस्थ मिस्सेस आले, आणि मागच्या बांकावर न बसतां मधल्या बांकावर बसले.

ही गोष्ट त्यांच्या परवानगीनेंच येथें सांगितली आहे. ती सांगण्याचें कारण असें कीं, ज्युबिलीसाठीं मंदिरावर मोठी रोषणाई करावी व कमी पडेल तें कर्जानें उभें करावें, असा विचार प्रथम आमच्याच मनांत आला होता. समितींतील एका वयस्क भगिनीनें शांतपणें विचारिलें, “फादर, हें कोण फेडणार?” तिचा प्रश्न ऐकून आम्हांस आईचे डबे आठवले. रोषणाई लहान झाली. जें हातांत होतें तेवढ्यांतच ज्युबिली करावयाची, असें ठरलें.

तेव्हां ह्या ज्युबिली-वर्षांत आपण तीन गोष्टी कराव्या, अशी आमची विनंती आहे. संत व्हिन्सेंट डी पॉल मंडळाच्या बांधवांनीं महिन्यांतून दोन संध्याकाळ अडचणींतल्या कुटुंबाबरोबर हिशेबास बसण्याची तयारी दाखविली आहे. ज्यांस गरज आहे त्यांनीं संकोच न करितां यावें, तेथील शब्द बाहेर जाणार नाहीं. दुसरें, ह्या वर्षीं ज्यांच्या घरीं लग्न, बाप्तिस्मा किंवा प्रथम ख्रिस्तप्रसाद आहे, त्यांनीं तो समारंभ कर्जावांचून करावा. आणि पाहुण्यांनीं साध्या जेवणास नांवें ठेवूं नयेत, कारण पाहुण्यांच्या जिभेंतूनच पुष्कळ कर्जें जन्मास येतात. तिसरें, ह्या धर्मग्रामांत ज्यांचें ज्यांच्याकडे येणें आहे, त्यांनीं एका रात्रीं आपली वही देवापुढें उघडून पाहावी. सर्वच सोडा असें आम्ही म्हणत नाहीं. व्याज सोडतां येईल, मुदत देतां येईल, निदान त्या माणसास मंदिराच्या दारांत हंसून नमस्कार करितां येईल.

जक्कयानें लुबाडलेलें चौपट परत करण्याचें वचन दिलें, त्या दिवशीं प्रभूनें त्याच्या घरास तारण झालें असें म्हटलें. ‘त्याच्या घरास’ म्हटलें, हें लक्षांत घ्यावें. कर्ज घरास बांधितें, आणि मुक्तिही घरासच मिळते. संत पौलाचें रोमकरांस सांगणें असें कीं, परस्परांवरील प्रेमावांचून कोणाचें कांहीं देणें ठेवूं नये. तें एक ऋण आपण जन्मभर फेडीत राहावें. बाकीचीं सर्व एकेक करून फिटावीं. दयाळु पिता आपल्या प्रत्येक घरास तेवढें बळ, तेवढें शहाणपण आणि तेवढे चांगले शेजारी देवो, हीच ह्या ज्युबिलीची आमची प्रार्थना. आमेन.